श्वासाची दहा मिनिटं आणि लेकराचं मन

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाल्यावर एक ताई हळूच बोलली, "पोरगं रोज शाळेच्या वेळेला पोट दुखतं म्हणतं. रविवारी मात्र काहीच नसतं." दोघींनी जंताच्या गोळीचं नाव काढलं, एकीनं नजर लागली म्हटलं. मनाचं नाव कोणीच काढलं नाही. म्हणून या महिन्याचा धडा त्यावर.

लहान लेकरू 'मला टेन्शन आलंय' असं सांगत नाही. त्याचं पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, ते चिडतं, नाहीतर एकदम गप्प होतं. पोट खरंच दुखत असू शकतं, म्हणून आधी डॉक्टरला दाखवा.

आपल्या राज्यात शाळांमध्ये यासाठी 'मित्र उपक्रम' आहे. साधारण २०११-१२ पासून शालेय शिक्षण विभाग आणि इगतपुरीचा विपश्यना विशोधन विन्यास मिळून तो चालवतात. त्यात मुलांना आनापान शिकवतात. डोळे मिटून शांत बसायचं आणि नाकातून आपोआप येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं लक्ष द्यायचं. श्वास ओढायचा नाही, मोजायचा नाही. मन भटकलं की रागावायचं नाही, परत श्वासावर आणायचं. दहा मिनिटं, बस्स. ही पद्धत बुद्धांच्या शिकवणीतली, पण यात कुठल्याच देवाचं नाव घेत नाहीत. आपल्या चिकलठाण्यात सगळ्या जातीधर्माच्या बाया गटात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण यानं सगळं बरं होतं का? नाही. इंग्लंडकडं ८५ शाळांमधल्या ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांवर मुलांवर असाच एक मोठा अभ्यास झाला. त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा ध्यानाच्या तासांचा जास्त फायदा दिसला नाही. कित्येक मुलं घरी सरावच करत नव्हती. मला वाटतं, नुसतं 'डोळे मीट, गप बस' म्हणून उपयोग नाही. आपणही शेजारी बसावं लागतं.

त्या ताईनं तेच केलं. एमआयडीसीतली पाळी संपवून आल्यावर, झोपायच्या आधी, मोबाईल दूर ठेवून लेकराजवळ बसायची. पाचच मिनिटं. चौथ्या की पाचव्या रात्री अंधारात ते आपणहून म्हणालं, "आई, एक मोठा पोरगा माझा डबा हिसकावतो." पोटदुखीचं कारण हे होतं! दुसऱ्या दिवशी ताई अर्धी रजा टाकून वर्गाच्या बाईंना भेटली.

सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे, मित्र उपक्रम चालतो का, डबा खाताना मुलांवर लक्ष कोण ठेवतं, हे विचारून या. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं आहे.

लेकरू जेवत नसेल, झोपत नसेल, 'मला जगायचं नाही' असं बोलत असेल तर श्वासावर सोडून देऊ नका. लगेच दवाखान्यात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लेकराला कोणी त्रास देत असेल तर १०९८. दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.