खांद्यावर काय मिरवायचं?

मायक्रोनेशनच्या फौजेसाठी मानचिन्हं करून द्या, असं म्हणत येणारा माणूस बहुतेक वेळा हुद्द्यांची भलीमोठी यादी घेऊनच येतो. फील्ड मार्शलपासून शिपायापर्यंत सगळे त्यात असतात. फौजेत माणसं किती, असं विचारलं की आकडा दोन हातांच्या बोटांत मावतो. शाळा, गिर्यारोहण संस्था, क्रीडामंडळं यांचे बिल्ले आखून देणं हा माझा व्यवसाय, आणि त्यातूनच युरोपातल्या अशा हौशी देशांची कामं माझ्याकडे येऊ लागली. ती मी मनापासून करते. मूठभर माणसं एकत्र येऊन आपला झेंडा, आपली घटना, आपला गणवेश ठरवतात, यात मला खरोखर काहीतरी मोलाचं दिसतं. फौजेचं चिन्ह मात्र या सगळ्यात सर्वांत नाजूक काम आहे, हे एका अनुभवाने मला पक्कं कळलं.

मायक्रोनेशन म्हणजे स्वतःला स्वतंत्र देश म्हणवणारी, पण कुठल्याच सरकारने मान्य न केलेली जागा किंवा गट. राष्ट्राला कायमची लोकवस्ती, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता हवी, असं 1933 चा मॉन्टेव्हिडिओ करार सांगतो, आणि अनेक मायक्रोनेशनं त्याचाच हवाला देतात. इंग्लंडच्या सफक किनाऱ्यापासून सुमारे 12 किलोमीटरवर, दुसऱ्या महायुद्धातल्या एका समुद्री किल्ल्यावर, 1967 मध्ये पॅडी रॉय बेट्स यांनी सीलँड जाहीर केलं. बेट्स स्वतः ब्रिटिश सैन्यात मेजर होते. 1978 मध्ये भाडोत्री माणसांनी तो किल्ला बळकावून त्यांच्या मुलाला ओलीस ठेवलं, तेव्हा बेट्स यांनी हेलिकॉप्टरने जाऊन तो परत मिळवला. तिथल्या कोणी खांद्यावर काही लावलं, तर त्यामागे सांगण्यासारखी घटना आहे. बाकीच्यांच्या वाट्याला अशी घटना येत नाही, येऊही नये. म्हणून त्यांच्या चिन्हाने दुसरं काहीतरी खरं सांगायला हवं.

माझं ते काम इंग्लंडमधल्याच एका गटाचं होतं. खाडीकाठची थोडी पाणथळ जमीन, तिच्यातून जाणारी लाकडी पायवाट आणि ती नीट ठेवणारी माणसं, एवढीच त्यांची ‘सेना’. मी बगळा आणि त्याच्याखाली दोन नागमोडी रेघा असं चिन्ह दिलं. हुद्दे फक्त पट्ट्यांच्या संख्येने ओळखायचे. त्यांच्या प्रमुखाने ते आनंदाने मंजूर केलं. पुढे मला न कळवता भरतकाम करणाऱ्याकडून त्याने बगळा काढवला आणि खांद्यावर मुकुट आणि चौकोनी तारे आणले, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांचे असतात अगदी तसे. नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी गटातला एक तरुण मुलगा तो गणवेश घालून गावातल्या स्मारकापाशी उभा राहिला. शेजारच्या वृद्ध माजी सैनिकाने त्याला सहज विचारलं, ‘कुठली रेजिमेंट?’ मुलाला उत्तर देता आलं नाही. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावरचा मुकुट बोटाने हलकेच चाचपला आणि काही न बोलता दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला. पोलिसाने मुलाचं नाव-पत्ता लिहून घेतला. बिल्ल्यांच्या खोक्यात आखणी करणारी म्हणून माझं नाव छापलेलं होतं, त्यामुळे गावकऱ्यांची पत्रं पुण्याला माझ्याकडे आली. त्यांतला राग रास्त होता. तो मुलगा पुढे गट सोडून गेला. याचं मला सर्वांत वाईट वाटतं, कारण पायवाटेवर खरं राबणारा तोच होता.

तेव्हापासून पेन्सिल हातात घेण्याआधी मी कायद्याचं बोलते. ब्रिटनमध्ये 1894 चा युनिफॉर्म्स अॅक्ट परवानगीशिवाय लष्करी गणवेश, किंवा त्याच्या खास खुणा असलेला पोशाख, घालायला मनाई करतो. आपल्याकडे लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या इराद्याने तसा वेश किंवा खूण वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. अशोकस्तंभाच्या सिंहांना 2005 च्या स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. आणि पांढऱ्यावर लाल क्रॉस तर कुठेच नको. ‘आमचं वैद्यकीय पथक आहे’ असं म्हणून तो हमखास मागितला जातो. पण रणांगणावर डॉक्टरवर आणि जखमींवर गोळी झाडली जाऊ नये म्हणून ते चिन्ह जिनिव्हा करारांनी राखून ठेवलंय, आणि आपल्याकडे 1960 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. प्रथमोपचारासाठी हिरव्यावर पांढरा क्रॉस सर्रास चालतो, तो घ्यावा.

उसनी चिन्हं टाळायचं कारण कायद्यापुरतं नाही. महार रेजिमेंटचा बिल्ला बघा. 1941 मध्ये बेळगावात उभी राहिलेली ही रेजिमेंट 1946 मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली. तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन विकर्स मशीनगन आहेत. सुरुवातीला त्यांच्यासोबत कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्याच्या जागी खंजीर आला. विकर्स कधीच वापरातून गेली, तरी बिल्ल्यावरून हलली नाही, कारण ती चालवणाऱ्यांची आठवण तिच्यात आहे.  असा बिल्ला कोणी ‘छान दिसतो’ म्हणून उचलला, तर तो माणसांचा इतिहास उचलून नेतो. भारतीय नौदलाने 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत नवं निशाण फडकवलं, त्यातला अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. पुढच्या वर्षाअखेरीस अॅडमिरल हुद्द्यांच्या खांद्यावरही तो अष्टकोन आला, सोबत तलवार आणि दुर्बीण. एवढ्या मोठ्या दलानेही आपल्या चिन्हात आपल्याच किनाऱ्याचं काही शोधलं, तर दहा माणसांच्या गटाने परक्याचा मुकुट का लावावा?

तेव्हा आधी विचारा, तुमचं दल नेमकं करतं काय? पूर आला की गावात दोर घेऊन जातं, की वर्षातून एकदा झेंड्याला सलामी देतं? जे करतं ते चिन्हात आणा. सिंह, गरुड, दोन तलवारी यांचा मोह सोडा. तुमच्या जमिनीवर जे खरोखर उडतं, उगवतं, वाहतं ते घ्या. हुद्दे माणसांच्या मानाने ठेवा. नाटो देश आपले सगळे हुद्दे शिपायांच्या नऊ आणि अधिकाऱ्यांच्या दहा सांकेतिक पायऱ्यांत बसवतात, आणि तिथे लाखो सैनिक आहेत. दहा जणांना चार पायऱ्या पुष्कळ झाल्या. पदकांचंही तेच. पहिल्या वर्षी एकही पदक आखू नये असा माझा आग्रह असतो, आणि त्यावरून कामं हातची गेली तरी मी तो सोडत नाही.

रंगांबाबत युरोपीय हेरल्ड्रीचा, म्हणजे ढालींवरच्या चिन्हशास्त्राचा, जुना नियम अजून उपयोगाचा आहे: सोनेरी आणि पांढरा हे ‘धातू’, लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. ढालीवरची खूण लांबून ओळखू यावी म्हणून हा नियम झाला, आणि सहा सेंटिमीटरच्या बिल्ल्यालाही तो तितकाच लागू पडतो. संगणकाच्या पडद्यावर गडद निळ्यावर काळा बगळा देखणा दिसतो, कापडावर तो नुसता डाग होतो. मशीनच्या भरतकामात एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ टिकत नाही, पाच मिलिमीटरखालचं अक्षर वाचता येत नाही, म्हणून ब्रीदवाक्य बिल्ल्यावर कोंबण्यापेक्षा निशाणावर लिहावं. हातचं काम हवं असेल तर वाराणसीचे जरदोजी कारागीर आहेत. परदेशी फौजांचे बिल्लेही तिथे भरले जातात. दबका आणि सलमा या जरदोजीतल्या दोन प्रकारच्या तारा उजेडात वेगवेगळ्या चमकतात, त्यामुळे बगळ्याचा पंख आणि मान एकाच सोनेरी रंगात असूनही सुटी दिसतात. पण कारागिराला पडद्यावरचं चित्र पाठवू नका, कापडावर हव्या त्याच मापाचं रेखाटन पाठवा.

सोबत चिन्हाचं शब्दांत वर्णन लिहून ठेवा. हेरल्ड्रीत खरं चिन्ह शब्दांत असतं, चित्र कोणीही पुन्हा काढू शकतो: निळ्या क्षेत्रावर डावीकडे तोंड करून उभा पांढरा बगळा, खाली दोन पांढऱ्या नागमोडी पट्ट्या. एवढं कागदावर असलं की बगळ्याच्या जागी मुकुट आलेला कोणाच्याही लक्षात येतो. मी आता मंजूर नमुने तीन भरून घेते: एक गटाकडे, एक कारागिराकडे, एक माझ्याकडे. करारात लिहिते की बदल तिघांच्या सहीने होईल आणि नमुन्याशी न जुळणारा माल माझ्या नावाने जाणार नाही. आणि गणवेश कुठे घालायचा नाही, हे घालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात छापील द्यायला लावते: युद्धस्मारक, विमानतळ, न्यायालय, पोलीस ठाणं, कोणाचीही लष्करी अंत्ययात्रा.