लेकीचे अनुदान आणि पहिल्या वर्षाची मुदत

अपत्याच्या संगोपनाचा काही भार शासनाने उचलावा, हा विचार विसाव्या शतकात अनेक देशांत मान्यता पावला. ब्रिटनमध्ये १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला आणि ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या व त्यापुढील प्रत्येक अपत्यामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. भारतात असा सरसकट भत्ता नाही. येथील अनेक राज्यांनी मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना ठरावीक टप्प्यांवर साहाय्य देण्याचा मार्ग स्वीकारला आहे. बडोद्यातील रावपुरा, दांडिया बाजार या भागांत पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांनाही लागू असलेली गुजरात शासनाची ‘वहाली दीकरी’, म्हणजे लाडकी लेक, ही योजना याच प्रकारची होय.

योजनेचे स्वरूप

दिनांक २ ऑगस्ट २०१९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी ही योजना आहे. मुलगी पहिल्या इयत्तेत दाखल होताच ४,००० रुपये, नवव्या इयत्तेत प्रवेश घेताच ६,००० रुपये आणि वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर १,००,००० रुपये, असे एकूण १,१०,००० रुपये मिळतात. मातापित्यांचे एकत्रित वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे. दांपत्याच्या पहिल्या तीन अपत्यांतील मुली लाभास पात्र ठरतात. मातापित्यांचा विवाह कायदेशीर वयात झालेला असला पाहिजे. शेवटच्या हप्त्यासाठी मुलीचाही बालविवाह झालेला नसावा.

या अटींमागील हेतू बडोद्यास नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत येथे १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यात आले. त्या काळी जे कार्य कायद्याच्या सक्तीने साधावयाचे होते, त्यालाच आज अनुदानाची जोड मिळाली आहे.

मुदतीचे महत्त्व

योजनेतील सर्वांत महत्त्वाची अट मुदतीची आहे. पैसे हाती येण्यास अनेक वर्षे लागतात. अर्ज मात्र जन्मापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. उदाहरणार्थ, १० मार्च २०२५ रोजी जन्मलेली मुलगी जून २०३१ मध्ये पहिलीत जाईल, २०३९ मध्ये नववीत पोहोचेल आणि मार्च २०४३ मध्ये १८ वर्षांची होईल. परंतु तिचा अर्ज मार्च २०२६ पूर्वीच दाखल झालेला असला पाहिजे. ‘शाळेत घालण्याच्या वेळी पाहू’ असे म्हणणारे कुटुंब तिन्ही हप्त्यांस मुकते.

माहेरचे बाळंतपण आणि जन्माची नोंद

मराठी कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. रावपुऱ्यातील सुनेचे माहेर जळगावला वा नाशिकला असले, तर मूल तेथेच जन्मते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच होते, मातापित्यांच्या निवासस्थानी नव्हे. यास्तव दाखला जळगावचा व अर्ज बडोद्याचा, असा योग येतो. त्यात गैर काही नाही. मात्र दाखला हाती घेऊनच सासरी परतावे, हे श्रेयस्कर.

जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी. त्यानंतर विलंबशुल्क भरावे लागते. ३० दिवस उलटल्यास सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि एक वर्ष लोटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तोवर अनुदानाच्या अर्जाची मुदतही संपलेली असते! नोंदीच्या वेळी नाव ठरले नसल्यास बारशानंतर ते बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क नोंदविता येते. नावाचे व आडनावाचे लेखन सर्व कागदपत्रांत एकसारखे असावे.

दोन राज्ये, दोन योजना

महाराष्ट्रातील आप्तेष्टांकडून ‘लेक लाडकी’ योजनेची वार्ता ऐकून पुष्कळांचा गोंधळ होतो. ती योजना १ एप्रिल २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी असून पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये देते. परंतु ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. मूल महाराष्ट्रात जन्मले एवढ्यानेच तिचा लाभ मिळत नाही. कुटुंब बडोद्याचे रहिवासी असल्यास त्याने गुजरातच्या योजनेसाठी अर्ज करावा.

अर्ज कोठे करावा

गावात ग्रामपंचायतीत, तालुक्याच्या ठिकाणी मामलतदार कचेरीत, तसेच जिल्हा महिला व बाल अधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो. मुलीचा जन्मदाखला, मातापित्यांची आधारपत्रे व वयाचे पुरावे, विवाहनोंदणीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि हयात असलेल्या इतर अपत्यांचे जन्मदाखले प्रथमच जमवून ठेवावेत. मंजुरीचा आदेश घरातील दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावा; तो अठरा वर्षे उपयोगी पडणार आहे.

अंगणवाडी सेविकेने गृहभेटीत बाळाच्या लसीबरोबरच दाखल्याचीही विचारपूस करावी. शिक्षकांनी पहिली व नववीच्या प्रवेशवेळी मंजूर झालेल्या हप्त्याचे पालकांस स्मरण द्यावे. अधिकाऱ्यांनी कागद अपुरा असल्यास काय उणे आहे ते अर्जदारास त्याच दिवशी सांगावे. ज्या घरी लेक जन्मली, तेथे बारशाच्या तयारीबरोबरच जन्मदाखल्याचीही तजवीज झाली, तर तिच्या वाट्याचे साहाय्य केवळ विलंबामुळे बुडणार नाही.