क्लास काढताय? मग आधी शिक्षकांसारखं ‘टाचण’ काढा!

केक, शिलाई, मेहंदी, टॅली... कुठला ना कुठला क्लास काढायचं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. जागा आणि फी यावर आपण व्हिडिओत बोललोच. आज त्याहून महत्त्वाचं: क्लासच्या वेळेत नेमकं शिकवायचं कसं?

आधी माझी फजिती सांगतो. कोल्हापुरात बचत गटातल्या महिलांसाठी मी पहिली कार्यशाळा घेतली. विषय होता ‘मालाचा दर कसा ठरवावा’. तीन तास बोललो. टाळ्याही मिळाल्या. शेवटी एक ताई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सर, सगळं छान झालं. पण मी कांदा-लसूण चटणी साडेचारशे रुपये किलोनं देते, ते बरोबर का चूक?”

दिवसाची मजुरी बुडवून त्या एवढंच विचारायला आल्या होत्या. आणि नेमकं तेवढंच मी दिलं नव्हतं.

माझी मोठी बहीण शाळेत शिक्षिका आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “तू बोलायची तयारी केलीस, शिकवायची नाही. टाचण काढलं होतंस का?”

टाचण म्हणजे काय?

तासाला जाण्यापूर्वी शिक्षक लिहितात ती छोटी योजना म्हणजे पाठ टाचण. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या मांडल्या. आपल्याकडच्या डी.एड., बी.एड.च्या टाचणावर त्याची छाप आहे. आपल्या कामापुरतं ते असं वापरा:

१. उद्दिष्ट. ‘दर ठरवणं समजेल’ असं लिहू नका. समजलं की नाही, हे दिसत नाही. ‘प्रत्येक जण आपल्या एक किलो मालाचा खर्च काढून दाखवेल’ असं लिहा. हे डोळ्यांनी तपासता येतं.

२. पूर्वज्ञान. समोरच्याला आधीच काय येतं? चटणी करणाऱ्या ताईंना मिरचीचा भाव तोंडपाठ असतो. तिथूनच सुरुवात करा.

३. प्रस्तावना. भाषण नको, प्रश्न विचारा. “एक किलो चटणीत तुमचे किती पैसे जातात?” बहुतेक जण अंदाज सांगतात. तो फळ्यावर लिहून ठेवा.

४. विकास. एकच उदाहरण, पण पूर्ण. समजा, कच्चा माल ३८० रुपये, डंकाचे ४०, पॅकिंग २०. झाले ४४०. मग विचारा, “आणि तुमचा स्वतःचा वेळ?” त्याचे ८० धरले की खर्च ५२०! म्हणजे साडेचारशेला विकताना किलोमागे ७० रुपये घरचेच जातात. हे तुम्ही सांगू नका. बेरीज त्यांनाच करू द्या.

५. उपयोजन. आता प्रत्येकानं आपल्या मालाचा हिशोब मांडायचा. तुम्ही फक्त बाकांमधून फिरायचं.

६. मूल्यमापन. जाताना प्रत्येकाचा कागद बघा. ज्याचं चुकलं, त्याच्याजवळ पाच मिनिटं थांबा.

वेळही लिहा. ४० मिनिटांचा तास असेल तर प्रस्तावनेला ५, विकासाला १२, उपयोजनाला १५ आणि तपासायला ८. बघा, सर्वात जास्त वेळ त्यांच्या हातात आहे, आपल्या तोंडात नाही.

आपल्या गावातलंच उदाहरण

लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांनी अनुभवातून, स्वतः करून शिकावं, यावर त्यांचा भर होता. मुलांना जे लागू पडतं, ते आपल्या क्लासला येणाऱ्या मोठ्यांनाही लागू पडतं. केकचा क्लास असेल तर केक त्यांच्या हातून फेटला गेला पाहिजे.

एक सावधगिरी: टाचण म्हणजे बेडी नव्हे. लाइट जाते, निम्मे लोक उशिरा येतात. म्हणून ‘वेळ कमी पडला तर काय गाळायचं’ हे आधीच कोपऱ्यात लिहून ठेवा. उपयोजन मात्र कधीच गाळू नका.

पुढच्या वेळी मी असं टाचण घेऊन गेलो. बोललो कमी. पण जाताना प्रत्येकीच्या हातात तिच्या मालाचा हिशोब होता. क्लासची खरी जाहिरात तीच! माणूस घरी जाऊन काय करू शकतो, त्यावरच दुसरा माणूस तुमच्याकडे येतो.

तुमचा गृहपाठ: आज रात्री एक कोरा कागद घ्या. वर फक्त एक वाक्य लिहा: ‘माझ्या क्लासमधून जाताना शिकणारा ______ करून दाखवेल.’ ही रिकामी जागा भरता आली की मगच फीचा बोर्ड लावा. भेटू पुढच्या व्हिडिओत!