फ्रॅक्चर लिहिण्याआधी

अगं, रात्री कॅज्युअल्टीत डोक्याला मार लागलेला माणूस आला आणि एक्स-रेवर कपाळाच्या मधोमध उभी रेघ दिसली, की लगेच पेन उचलू नकोस. जन्मतः कपाळाचं हाड दोन तुकड्यांत असतं. मधली मेटोपिक शिवण बहुतेकांची पहिल्या-दुसऱ्या वर्षात भरून येते, काहींची जन्मभर तशीच राहते. ती नाकाच्या मुळापासून निघून टाळूच्या जागेपर्यंत मध्यरेषा धरून जाते. फ्रॅक्चरला एवढी शिस्त नसते.

शिवणीच्या कडा पांढुरक्या दिसतात, ताज्या फ्रॅक्चरची रेघ काळी आणि धारदार. पण ‘नागमोडी ती शिवण, सरळ ते फ्रॅक्चर’ या पाठांतरावर विसंबू नकोस. शिवण कवटीच्या बाहेरच्या थरात नागमोडी असते, आतल्या थरात बरीच सरळ. एक्स-रेत दोन्ही एकावर एक पडतात आणि आतली सरळ रेघ भल्याभल्यांना चकवते. म्हणून आधी त्या जागेवर बोट ठेव. सूज आहे का, दाबल्यावर कळ येते का? मग रेघ मधोमध नसून एका बाजूला असेल, तर दुसऱ्या बाजूला जोडीची रेघ आहे का ते बघ. तरी शंका उरली तर सीटी, आणि त्यातही थ्रीडी चित्र मागून घे.

एवढा खल कशासाठी, तर मारामारीच्या केसमध्ये तुझं सर्टिफिकेट कोर्टात जातं. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत. पूर्वी दंड संहितेचं कलम ३२०, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ११६. जन्मापासूनच्या शिवणीपायी कुणावर जास्तीचा गुन्हा लागायला नको.

तान्ह्या बाळाच्या डोक्याच्या मागच्या हाडात तर जास्तीच्या भेगा असतातच. मधली छोटी भेग, दोन्ही बाजूंच्या मेंडोझल शिवणी. त्या माहीत नसल्या की आईबापांकडे संशयाने बघितलं जातं. याच मागच्या भागात, लॅम्डॉइड शिवणीत, गोधडीच्या ठिगळांसारखी सुटी हाडं सापडतात. डेन्मार्कच्या ओले वर्म (१५८८–१६५४) यांच्या नावावरून त्यांना वर्मियन हाडं म्हणतात. दोन-चार असली तर नोंद कर आणि पुढे जा. दहाच्या वर असली आणि मोठी असली, तर मात्र मुलाला नीट तपास. डोळ्याचा पांढरा भाग निळसर आहे का? गळपट्टीची हाडं दोन्हीकडे पूर्ण लागतात का? थायरॉइडची तपासणी झाली आहे का? वारंवार हाडं मोडणाऱ्या मुलाच्या कवटीत अशी ठिगळं दिसली, तर मारहाणीआधी हाडं जन्मतः ठिसूळ असण्याचा विचार कर. मागे मोठा त्रिकोणी तुकडाच वेगळा दिसला, तर ते इंका हाड. पेरूतल्या जुन्या कवट्यांवरून पडलेलं नाव.

आता उलटी बाजू. हे सगळं शिकलं की प्रत्येक रेघेत ‘नॉर्मल फरक’ दिसायला लागतो, आणि तो रोग जास्त वाईट. कानशिलावर, टेरिऑनपाशी, चार हाडं एकत्र येतात. तिथेही कधीकधी एक सुटं हाड असतं, पण हाडाच्या आतून मेंदूच्या आवरणाची मधली धमनी जाते. ती फाटली तर पेशंट कधी तासभर छान गप्पा मारतो आणि मग बेशुद्ध होतो. तिथल्या रेघेबद्दल घासाघीस करायची नाही. सरळ सीटी कर आणि न्यूरोसर्जनला उठव. तो रागावला तर रागावू दे.

आणि एक काम सगळेच विसरतात. उघडी शिवण सापडली तर रिपोर्टात स्पष्ट लिही, आणि त्या माणसालाही सांग, ‘तुमच्या कपाळात जन्मापासून ही रेघ आहे, हा एक्स-रे जपून ठेवा.’ पुढच्या वेळी तो स्कूटरवरून पडेल, तेव्हा कॅज्युअल्टीत तू नसशील.