बाटलीवरचा आकडा

सांगली, रविवार

चि. ओंकार,

परवा रात्री आत्या मेडिकलचं शटर ओढत असताना तुझा मेसेज आला. तीन आठवडे तोंडाला कोरड पडतेय, सकाळी उठल्या उठल्या खोकला येतो, दुपारी डोकं धरतं, कुठलं सिरप घेऊ? सव्वीस वर्षं काउंटरवर उभं राहिलेल्या बाईला नुसत्या खोकल्यावर बाटली काढून देता येत नाही. तिने उलट विचारलं, नवीन काही सुरू केलंयस का? उत्तर यायला वीस मिनिटं लागली. "व्हेप. फ्लॅटवर सगळेच ओढतात. सिगारेट नाही गं, नुसता फ्लेवर." सोबत फोटो होता. मँचेस्टरच्या खिडकीत चहाचा मग, शेजारी बोटाएवढं निळं यंत्र आणि दहा मिलिलिटरची बाटली. बाटलीवर आंब्याचं चित्र, आणि खाली छोट्या अक्षरात आकडा होता, २०.

आंब्याचं राहू दे, तो आकडा बघ. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम निकोटिन, असा त्याचा अर्थ. ब्रिटनच्या कायद्यात याच्यापुढे जाताच येत नाही, म्हणजे तू सुरुवातच सगळ्यात वरच्या पायरीवर केलीस. तुझ्या यंत्राची टाकी २ मिलिलिटरची असेल, तीही तिथली कायदेशीर मर्यादा. एका टाकीत ४० मिलिग्रॅम झालं. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या अंगात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन उतरतं. टाकीतलं सगळं काही शरीरात जात नाही, त्यामुळे सरळ भागाकार करून चालणार नाही. पण "नुसता फ्लेवर" हे शब्द मात्र खोडून टाकायला हवेत.

निकोटिन आपल्या घराला नवं नाही. तुझी आजी मशेरी लावायची, हे तुला ऐकून माहीत असेल. आत्याने ते रोज पाहिलंय. चुलीवरच्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून बारीक करायची आणि एका पितळी डबीत भरायची. दहा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून कुणीतरी बोटावर दिली, ती पुढे पन्नास वर्षं सुटली नाही. डबी सापडली नाही की सकाळचा चहा तिला गोड लागायचा नाही, पोट साफ व्हायचं नाही, आणि सुनेपासून गवळ्यापर्यंत सगळ्यांवर आवाज चढायचा. डबी हाताला लागली की पाच मिनिटांत तीच आजी तांदूळ निवडत ओव्या म्हणायची. ती कधीही म्हणाली नाही की मी तंबाखू खाते. ती म्हणायची, दात घासते. तुझा "फ्लेवर" वाचला तेव्हा आत्याला ते दात घासणं आठवलं.

हे यंत्र निघालं ते मात्र चांगल्या इच्छेतून. होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास ते घडवलं. तो स्वतः भरपूर सिगारेटी ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. धूर नको, पण निकोटिन मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. गंमत पुढे झाली. साध्या निकोटिनचा कडक ठसका बसतो, त्यामुळे नवशिक्याला ते फार ओढवत नाही. २०१५ साली अमेरिकेत जूल नावाचं व्हेप आलं, ते बनवणाऱ्यांनी निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल घालून त्याचा क्षार वापरला. ठसका गेला, घसा गुळगुळीत राहिला आणि जास्त निकोटिन न खोकता छातीत उतरायला लागलं. तुझ्या बाटलीवर "निक सॉल्ट" लिहिलेलं असेल, ते हेच. ज्या मुलांनी कधी सिगारेट हातात धरली नाही ती याच्यात सापडली. तू तेवीस वर्षांचा आहेस, आणि मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालूच असते. सवय त्या वयात खोल बसते.

आता तुझी कोरड. बाटलीत मुख्यतः दोन द्रव असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. दोन्ही पाणी ओढून घेणारे. तोंडातली, घशातली ओल ते शोषतात, म्हणून कोरड, म्हणून सकाळचा खोकला. लाळ कमी झाली की दात किडायला वेळ लागत नाही, आणि गोड फ्लेवर वर. डोकेदुखी बहुधा निकोटिनची आणि कमी पाणी पिण्याची मिळून असेल. मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणं असं काही झालं तर निकोटिन जास्त झालं असं समज आणि यंत्र लगेच खाली ठेव. प्रॉपिलीन ग्लायकॉल काहींच्या घशाला सोसत नाही. त्यांना जास्त ग्लिसरीनचं लिक्विड बरं पडतं, पण ते दाट असतं, लहान यंत्राची वात ते नीट ओढू शकत नाही. म्हणून बाटली बदलण्याआधी दुकानदाराला आपलं यंत्र दाखव.

वातीवरून सांगते, हा सगळ्यात कामाचा भाग आहे. काल आत्याने तुला कॉइल काढून फोटो पाठवायला लावला. धातूच्या तारेच्या वेटोळ्यात पांढरा कापूस, म्हणजेच वात, असायला हवा होता. तुझ्या फोटोत तो काकवीसारखा काळपट, चिकट झालाय. लिक्विडातला गोडवा त्याच्यावर जळून बसतो. समईतलं तेल संपलं की वात कशी चरचरते आणि करपल्याचा वास येतो, तसंच इथे होतं. वात कोरडी पडली, तार अति तापली की त्याच ग्लायकॉल-ग्लिसरीनमधून फॉर्मल्डिहाइड आणि अॅक्रोलीनसारखी द्रव्यं तयार होतात. तारेतले निकेल, क्रोमियमसारखे धातूही वाफेत उतरतात. तेव्हा करपट चव आली की तो झुरका शेवटचा. कॉइल टाकून द्यायची, नवी घातली की दहा मिनिटं भिजू द्यायची, टाकी तळाला जाऊ द्यायची नाही आणि दोन झुरक्यांत अंतर ठेवायचं. यंत्राची ताकद कमी-जास्त करता येत असेल तर ती खालीच असू दे.

"पण हे फ्लेवर खाण्यातलेच असतात ना?" असं तू विचारशील. अमेरिकेत मिसुरी राज्यात एका मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या काही कामगारांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आक्रसल्याचं २००० साली लक्षात आलं. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल हे त्यामागचं मुख्य कारण निघालं. तेच द्रव्य लोक पॉपकॉर्नवरून रोज खात होते. पोटाला चाललं म्हणून ते श्वासाला चालेल असं नसतं. ब्रिटनमध्ये ई-लिक्विडात डायअॅसिटिल घालायला मनाई आहे, पण ती मनाई नियमाने विकलेल्या बाटलीपुरती.

म्हणूनच विकत कुठे घेतोस हा प्रश्न आत्याला कॉइलइतकाच मोठा वाटतो. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण एकाएकी धाप लागून दवाखान्यात यायला लागले. खोकला, छातीत कळ, ताप, काहींना उलट्या आणि जुलाब. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यातले ६८ जण दगावले. निम्मे रुग्ण चोवीस किंवा त्याहून कमी वयाचे. फुप्फुसातलं पाणी तपासलं तेव्हा ५१ पैकी ४८ जणांत व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडलं. गांज्यातल्या टीएचसीचं तेल पातळ करायला चोरट्या बाजारात ते मिसळत होते. तुमच्या इंग्लंडमध्येही बाथ विद्यापीठाने २०२४ मध्ये शाळांतल्या मुलांकडून जप्त झालेले व्हेप तपासले, त्यातल्या दर सहांतल्या एकात स्पाइस हा कृत्रिम नशेचा पदार्थ होता. पार्टीत कुणी आपलं यंत्र पुढे केलं तर हात मागे घे. १ जून २०२५ पासून तिथे वापरून फेकायचे व्हेप विकायला बंदी आहे, तरी कुणी विकत असेल तर त्याच्या बाकीच्या मालावरही विश्वास ठेवू नकोस.

बॅटरीचं थोडक्यात. अमेरिकेत यंत्राचा स्फोट होऊन माणसं गेली आहेत, २०१८ मध्ये फ्लोरिडात एक, २०१९ मध्ये टेक्सासमध्ये एक. ज्याचं यंत्र त्याचाच चार्जर, रात्री उशाशी लावून झोपायचं नाही, सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकायची नाही. आणि ते लिक्विड लहान मुलाच्या हाती लागता कामा नये. २०१४ मध्ये न्यू यॉर्क राज्यात एक वर्षाचं लेकरू ते गिळून गेलं. शेजारच्या वहिनींचा छोटा तुमच्याकडे खेळायला येतो असं तू म्हणाला होतास. बाटली वरच्या फडताळात, बूच घट्ट लावून.

तुझ्या रूमपार्टनरची गोष्ट वेगळी आहे, तेही सांगायला हवं. तो रोज पंधरा सिगारेटी ओढायचा आणि व्हेपवर आल्यापासून एकही नाही, असं तू लिहिलंस. त्याच्यासाठी हा फायदा आहे. धूर नाही, डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर होते, निकोटिनचं च्युइंगम, पट्टी वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. पण त्याच अभ्यासात पुढचं वाचावं. व्हेपने सिगारेट सोडलेल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. त्याला एवढंच सांग, की दिवसा व्हेप आणि पबमध्ये दोन सिगारेटी असं चालू ठेवलं तर मिळवलेलं हातचं जाईल. तुझ्याकडे मात्र सोडायला सिगारेटच नव्हती. ज्या औषधाचा आजारच नाही ते औषध तू घेतोयस, आणि त्याचे दुष्परिणाम तेवढे तुझ्या वाट्याला आलेत.

तेव्हा सोडायचं. एका रात्रीत जमलं तर उत्तमच. जमलं नाही तर पायरीने उतर. २० वरून १०, दोन-तीन आठवड्यांनी ५, मग शून्य. याच्यात एक खोड आहे. आकडा खाली आला की हात आपोआप जास्त वेळा तोंडाकडे जातो आणि होतं तेवढंच निकोटिन पोचतं. म्हणून यंत्र खिशात ठेवू नकोस, स्वयंपाकघराच्या कपाटात ठेव. ओढायचं तर उठून तिथे जायला लागलं पाहिजे. अभ्यासाच्या टेबलावर नाही, आणि झोपण्याआधीचे दोन तास मुळीच नाही. निकोटिन झोप पातळ करतं. पाण्याची बाटली मात्र हाताशी असू दे, रात्री कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या कर, चहा-कॉफी थोडी आवर. सिरपची गरज बहुतेक लागणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा होईल. चिडचिड होईल, लक्ष लागणार नाही, भूक वाढेल. तीन-चार आठवड्यांत ते ओसरतं. फार ओढ लागली तर फार्मसीत निकोटिनचं च्युइंगम मिळेल, पण ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नसतं. आत्याकडे दहातली आठ गिऱ्हाइकं तिथेच चुकतात आणि "पोटात जळजळतं, उचकी लागते" म्हणून परत येतात. दहा-बारा वेळा चावायचं, जिभेला चुरचुर लागली की गालात दाबून गप्प बसायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा नको. तेवढ्याने भागलं नाही तर जीपीकडे जा आणि व्हेरेनिक्लिनबद्दल विचार. २०२५ मध्ये सोळा ते पंचवीस वयाच्या व्हेप ओढणाऱ्यांवर अमेरिकेत त्याचा प्रयोग झाला. उपचाराच्या शेवटच्या महिन्यात हे औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के व्हेपपासून दूर होते, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १४ टक्के. चिठ्ठीचं औषध आहे, डॉक्टरांनाच ठरवू दे. लहानपणी तुला बालदम्याचा पंप होता, हे त्यांना न विसरता सांग. आणि धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, तर आत्याच्या मेसेजची वाट बघायची नाही. त्याच मिनिटाला ९९९.

डिसेंबरात तायडीच्या लग्नाला येशील तेव्हा यंत्र बॅगेत नको. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्याला बंदी. आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी कॉलेजच्या बाहेर ते गुपचूप विकलं जातंच. मात्र त्या बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तिच्यावरच्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो.

आजीच्या हिरडीवर पांढरा चट्टा दिसला तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. डॉक्टरांनी बजावलं म्हणून तिने मशेरी सोडली, आणि पहिले पंधरा दिवस ती दिवसातून दहा वेळा डबीच्या त्या कोनाड्यात डोकावून बघायची. आत्याने डबी फेकली नव्हती, तिच्यात बडीशेप भरून ठेवली होती. ती डबी अजून घरात आहे.

दादाला आणि वहिनीला आत्याने काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. येत्या रविवारी संध्याकाळी इथल्या साडेसहाला फोन कर, तुझ्याकडे दुपार असेल. कॉइल त्याआधी बदल. आणि बोलताना बाटली हातात घेऊन बस, नव्या बाटलीवर काय आकडा आहे ते वाचून सांगायचंय.

तुझी,
आत्या