पासवर्ड बरोबर, तरी मेल जात नाही?

फायनल इयरच्या बऱ्याच प्रोजेक्टांत 'युजरला आपोआप ईमेल जाईल' असं एक मॉड्यूल असतं. डेमोच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर ओरड ठरलेली : "अरे, पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही!" मग तोच पासवर्ड दहा वेळा टाइप होतो. माझं म्हणणं एवढंच, की आधी सर्व्हरचं उत्तर वाचा. चूक कुठल्या पायरीवर आहे ते तोच सांगतो.

प्रोग्राम आणि मेल सर्व्हर एसएमटीपीमध्ये बोलतात. पायथॉनच्या एसएमटीपीलिबमध्ये डीबग लेव्हल १ केली की हा सगळा संवाद स्क्रीनवर दिसतो. उत्तराचा पहिला आकडा २ किंवा ३ असेल तर ठीक, ४ म्हणजे 'थोड्या वेळाने या', ५ म्हणजे स्पष्ट नकार. जीमेलचं उदाहरण घेऊन मी हा क्रम सुचवतो :

१) टाइम आउट : इथे लॉगिनपर्यंत आपण पोचलेलोच नाही. नेटवर्कवर पोर्ट बंद आहे का ते पहा. पोर्ट ५८७ वर साधं कनेक्शन करून मग स्टार्टटीएलएस द्यायचं, ४६५ वर पहिल्यापासूनच टीएलएस. यांची अदलाबदल केली तर प्रोग्राम लटकतो किंवा एसएसएलची एरर येते.

२) ५३० : बहुधा स्टार्टटीएलएस द्यायचं किंवा लॉगिन करायचंच राहिलंय. कोडमधल्या ओळींचा क्रम तपासा.

३) ५३४ किंवा ५३५ : सर्व्हरने ऐकलं, पण दार उघडलं नाही. जुन्या पुस्तकातला कोड इथेच अडतो. मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी 'लेस सिक्युअर ॲप्स'ची सोय बंद केली. म्हणजे नेहमीचा पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या. पुढे खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात तर ॲप पासवर्ड रद्द होतो, नवा घ्यावा लागतो. संस्थेच्या खात्यात ही सोय बंद असू शकते. तेव्हा ॲडमिनला विचारा किंवा ओऑथ २.० वापरा.

४) ४५४ : फार वेळा लॉगिनचा प्रयत्न झाला की हे येतं. दहा वेळा टाइप करण्याचं हे फळ! थांबा, चहा घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डीबगच्या लॉगमध्ये लॉगिनच्या ओळीत काहीतरी अगम्य अक्षरं दिसतात. ते एन्क्रिप्शन नव्हे, बेस६४ आहे. कोणीही एका मिनिटात उलगडतो. त्या लॉगचा फोटो ग्रुपवर टाकला तर पासवर्डच वाटला म्हणायचं. तसंच, पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. आपला प्रोजेक्ट पुढच्या वर्षी ज्युनियर्सकडे जातो. त्याबरोबर आपल्या मेलबॉक्सची किल्ली जायला नको.