आत्या घरातली, पण आयकराच्या यादीत नाही

अगं, ऑफिसच्या कर-बचतीच्या डिक्लरेशनमध्ये घरातल्या सगळ्यांची नावं टाकत सुटू नकोस. अभ्युदयनगरच्या त्या खोलीत तुम्ही पाच जण एका चुलीवर जेवता, हे कॉटन ग्रीन स्टेशनपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पण आयकर खात्याचं कुटुंब फार आखूड असतं गं.

आधी एक सांग, तुझी कर-पद्धत कुठली? काहीच निवडलं नसशील तर आपोआप नवी. तिच्यात पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर तसाही कर नाही, आणि माणसांच्या नावावरच्या या सवलतीही नाहीत. मग कागद गोळा करायची दगदग कशाला? पुढचं सगळं जुन्या पद्धतीचं. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत; लोक मात्र मेडिक्लेमच्या कलमाला अजून ऐंशी-डीच म्हणतात.

सासूबाईंच्या मेडिक्लेमचा हप्ता तू भरतेस ना? तो वाया जातोय. कायद्याला आई-वडील म्हणजे आपले जन्मदाते, सासू-सासरे नाहीत. तो हप्ता तुझ्या नवऱ्याच्या खात्यातून जाऊ दे. त्या साठीच्या पुढच्या आहेत, म्हणजे त्याला 50,000 पर्यंत वजावट. तू तुझ्या आई-बाबांचा भर. ते तुझ्यावर अवलंबून असायलाच हवेत असंही नाही, बाबांना पेन्शन असली तरी चालतं. फक्त हप्ता रोख देऊ नकोस, एजंट कितीही ओळखीचा असो.

तुझ्या दिराचंही तेच. तो नवऱ्याचा भाऊ, म्हणून अवलंबून असलेल्या अपंग माणसासाठीची वजावट नवऱ्याची, तुझी नाही. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र असेल आणि तो मुख्यतः भावावरच अवलंबून असेल, तर खर्च किती झाला हे न बघता 75,000 सरसकट. ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. दिराने स्वतःच्या रिटर्नमध्ये अपंगत्वाची वजावट घेतली असेल तर मात्र भावाला मिळत नाही. प्रमाणपत्राची मुदत बघ, लोक तिथेच अडकतात.

आणि आत्याबाई? जन्मभर तिने या घरासाठी खस्ता खाल्ल्या, आता तुम्ही तिचं करता. तरी आत्या, मावशी, काका, मामा वजावटीच्या कुठल्याच यादीत नाहीत. कॅन्सरसारख्या आजाराच्या खर्चाची जी वेगळी वजावट आहे, तिच्यातही नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण एवढेच. टाटा हॉस्पिटलच्या रांगेत भाचरं आणि पुतणे काय कमी उभे असतात? मला तर हे सरळ अन्यायाचं वाटतं.

त्यात आणखी एक गंमत. आत्याने भाच्याला कितीही पैसे दिले तरी ती करमुक्त भेट. भाच्याने आत्याच्या खात्यात वर्षाला 50,000 वर टाकले, तर ते तिचं उत्पन्न! तिचं बाकी उत्पन्न थोडंच, म्हणून कर बहुधा लागणार नाही. पण एफडीचं व्याज भरपूर असेल तर हिशोब करून बघा.

तिच्यासाठी करायचं काम वेगळंच आहे. सत्तरी उलटली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढ. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. वय आधारवरून धरतात. तिच्या आधारवरची जन्मतारीख बरोबर आहे का, ते आजच बघ.